रेघेच्या पुढची माती

पहाटे ५ ला उठलो की चूल पेटायच्या आधी मी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, जाऊन मातीला तळहात लावून येतो. डिसेंबरात गोंदिया जिल्ह्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो. दव एवढं पडतं की धानाच्या खुंटांमधून चालताना पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. माती ओलसर असेल तर पोरांच्या हाती लोखंड देता येतं. सुकून टणक झाली असेल तर नाही. धानाच्या चिकणमातीवर आयर्न, म्हणजे गोल्फची लोखंडी काठी, आपटली की झटका थेट मनगटात जातो, आणि एकदा मनगट धरलं की पोरगं पुढचे आठ दिवस भीतभीतच मारतं.

माझी दोन कामं आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात वडिलोपार्जित अडीच एकर धान आहे, ते पहिलं. गावातल्या पाच पोरांना गोल्फ शिकवणं हे दुसरं, आणि ते मी पुण्याहून घेऊन आलो. विसाव्या वर्षी गोंदियातून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालो आणि येरवड्याच्या गोल्फ मैदानावर बारा वर्षं कॅडी होतो. लोकांच्या पिशव्या खांद्यावर घेऊन चाललो. त्यांचे हजारो फटके पाठीमागे उभं राहून पाहिले. वडील गेले तेव्हा परत आलो. येताना जुन्या आयर्न आणि पोतंभर खरचटलेले चेंडू घेऊन आलो. शेत रिकामं झाल्यावर एका सकाळी मी एकटाच मारत होतो, तर धुऱ्यावर तीन पोरं येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पाच आली.

आम्हाला मिळतात सहा-सात आठवडे. नोव्हेंबरात धान कापून होतो, कडपा वाळतात, पुंजणे रचले जातात आणि बांधी मोकळी होते. जानेवारीत इटियाडोहच्या कालव्याला पाणी सुटलं की उन्हाळी धानाची रोवणी सुरू होते आणि आमचं मैदान पाण्याखाली जातं. त्याआधी जे शिकायचं ते शिकायचं.

सकाळी ६. उजेड फुटतोय. घराच्या बांधकामातून उरलेली रेती मी बांधीच्या एका कोपऱ्यात तीन बोटं जाड पसरली आहे, लांबी दहा हात, रुंदी दोन हात. तिच्यावर रात्री पाणी शिंपडून ठेवतो. आता तिच्या मधोमध फक्कीची सरळ रेघ ओढतो आणि रेघेच्या एका टोकाशी उभा राहतो, अशा बेताने की रेघ दोन पायांच्या मधून, डाव्या पायाकडे थोडी झुकून गेली पाहिजे. चेंडू नाही. हातात सात नंबरची आयर्न. एक फटका, अर्धं पाऊल पुढे, दुसरा फटका, असं करत शेवटपर्यंत. मग मागे वळून बघतो.

रेतीत वीस ओरखडे उठलेले असतात आणि ते खोटं बोलत नाहीत. ओरखडा रेघेवर सुरू होऊन पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला गेला असेल तर चेंडू आधी लागला असता आणि माती नंतर. आयर्नचा फटका हाच. ओरखडा रेघेच्या मागे सुरू झाला असेल तर माती आधी, चेंडू मागाहून. तो फटका जड होतो, चेंडू निम्म्या वाटेतच पडतो. बारा वर्षं मी साहेबलोकांना असे फटके मारून हाताकडे बघताना पाहिलं. हाताचा दोष फार थोड्या वेळा असे. काठी फिरते ती छातीभोवती, आणि वर्तुळाचा सगळ्यांत खालचा बिंदू साधारण डाव्या खांद्याखाली येतो. वजन उजव्या पायावरच राहून गेलं तर छाती मागे राहते आणि तो बिंदूही मागे येतो. मग हातांनी काही केलं तरी माती आधी लागणारच.

आज माझे वीसपैकी पंधरा रेघेवर किंवा पुढे. उरलेले पाच मागे, आणि ते शेवटचे पाच आहेत. थंडीने पाय आखडले की वजन डावीकडे जायचा कंटाळा करतं.

७ वाजता पोरं येतात. चौघं मुलगे, आठवी ते दहावीतले, आणि एक मुलगी, बारावीतली. स्वेटर, कानाला मफलर, पायात चपला. पहिला अर्धा तास कोणीच चेंडू मारत नाही. फक्त उभं राहणं. पहिल्या आठवड्यात ते वैतागायचे. आता एकमेकांना स्वतःच तपासतात.

बेन होगन हा टेक्सासमधला गोल्फपटू, लहानपणी कॅडीच होता. १९५७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात पाच धडे आहेत. पहिला काठी धरण्याचा, दुसरा उभं राहण्याचा. पाचांतले दोन धडे होतात तोवर काठी जागची हललेली नसते. त्याचं कारणही आहे. चेंडू आणि काठीचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारं पातं, एकमेकांना चिकटून असतात ते अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात माणूस काहीच सुधारू शकत नाही. जे सुधारायचं ते उभं राहतानाच.

बांबूच्या दोन कामट्या जमिनीवर ठेवतो. एक चेंडूच्या पलीकडे, लक्ष्याकडे रोखलेली. दुसरी पायांच्या बोटांपुढे, पहिलीला समांतर. आमच्या पोरांना हे समजवायला एक वाक्य पुरतं: रूळ बघा. गोंदिया-बल्लारशाह मार्ग आमच्या तालुक्यातूनच जातो. दोन रूळ एकाच ठिकाणी जातात पण एकमेकांना कधी मिळत नाहीत. चेंडू एका रुळावर, तुम्ही दुसऱ्यावर. नवशिका खांदे थेट झेंड्याकडे रोखतो आणि तिथेच चुकतो, कारण मग तो चेंडूच्या रुळावर चढू बघतो.

मग पाय, खांद्यांएवढे रुंद. सात नंबरला चेंडू मध्यापासून एक चेंडूभर डावीकडे, वेज असेल तर बरोबर मध्यात. कंबरेतून वाकायचं, पाठीतून नाही. रोवणीला बायका ज्या जागेतून वाकतात ती जागा. (दिवसभर वाकून रोवणाऱ्या बाईची पाठ बघा. वाक खुब्यात असतो.) हात खांद्यांखाली सरळ लोंबू द्यायचे. मुठी चेंडूच्या किंचित पुढे, म्हणजे दांडा लक्ष्याकडे जरासा कलतो. वजन दोन्ही पायांवर, डाव्यावर तीळभर जास्त.

८ वाजता चेंडू. एका वेळी एकच जण मारतो, बाकीचे त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर, धुऱ्याच्या वर. हा नियम मोडला तर त्या दिवशी घरी. चेंडू ४६ ग्रॅमच्या आतला असतो, पण डोक्यात लागला तर जीव घेऊ शकतो. गाईगुरं गेल्याशिवाय मी सुरुवात करू देत नाही. उजवीकडच्या बांधीत उभ्या धानातच लाखोळी पेरली होती, ती आता हिरवी झाली आहे. तिकडे चेंडू गेला तर शोधायला एकानेच जायचं, वाफा न तुडवता.

मुलीचे चेंडू लाखोळीतच जातात. रोज. उजवीकडे वळून.

पहिल्या वर्षी मला वाटलं, काठ्याच वाकड्या आहेत. मग एक दिवस मी या मुलीला तिच्या आईबरोबर धान कापताना पाहिलं आणि बांधीच्या मेरेवर बराच वेळ उभा राहिलो. डाव्या मुठीत ताटं, उजव्या हातात विळा. विळा बाहेर नेऊन स्वतःकडे ओढायचा. बाहेरून आत, दिवसातून हजारो वेळा, सात-आठ वर्षांची असल्यापासून. त्याच हाताने ती संध्याकाळी आयर्न धरते, आणि हात आपलं काम करतो. काठी वर गेली की खाली येताना उजवा खांदा आधी बाहेर जातो आणि मग सगळं अंगाकडे ओढलं जातं. फेस त्या वाटेच्या मानाने उघडा राहिला की चेंडू उजवीकडे वळतो. त्याला स्लाइस म्हणतात. निघताना चेंडू बहुतेक फेस जिकडे बघतोय तिकडेच निघतो. पुढे वळतो तो फेस आणि काठीची वाट यांच्यातल्या फरकामुळे. फरक जेवढा, वळण तेवढं.

मुलग्यांचा दोष वेगळा, आणि तोही गावातलाच. गिल्ली-दांडूत गिल्ली उडवायची असते. दांडा खाली घालून वर उचलायचा, हा खेळाचा जीव आहे. आयर्नने तसं केलं की वजन मागे जातं, मनगटं आधीच सुटतात, आणि काठी एक तर मागच्या मातीत रुतते नाहीतर चेंडूच्या टाळूला घासून जाते. सात नंबरच्या फेसला मागे झुकाव दिलेला असतो, तीस अंशांहून थोडा जास्त. चेंडू उचलायचं काम त्या झुकावाचं आहे. व्यावसायिक खेळाडूंची सात नंबरची आयर्न चेंडूला लागते तेव्हा ती साधारण ४ अंशांनी खालीच उतरत असते. खाली मारलं तर वर जातं, हे पोरांना पटायला महिना लागतो. मी वाद घालत नाही. चेंडूच्या मागे, चार-पाच बोटांवर घडी घातलेला पंचा ठेवतो. पंचा न हलवता चेंडू मारा, एवढंच सांगतो.

आज दोघांनी पंचा उडवलाच नाही. तिसऱ्याने सात वेळा उडवला आणि आठव्याला असा काही आवाज आला की धुऱ्यावरची पोरं एकदम गप्प झाली. आधी चेंडूचा कोरडा, छोटा टक्, आणि त्याला लागूनच मातीचा मऊ आवाज. तो आवाज ज्याच्या काठीतून निघतो त्याला तो फटका तळहातात कळतच नाही, एवढा हलका असतो. पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, "काका, लागलाच नाही जी." मी त्याला चेंडू कुठे पडलाय ते बोटाने दाखवलं.

९ ला पोरं शाळा-कॉलेजला. मग मी शेतकरी.

साडेनऊ ते साडेबारा धान खरेदी केंद्राच्या रांगेत. चाळीस किलोचे कट्टे, वजनकाटा, ओलावा तपासणं, नोंदणीचा कागद. रांगेत बसलो की कोणीतरी विचारतंच: भाऊ, या खेळातून पोरांना काय मिळणार? हा श्रीमंतांचा खेळ.

मी त्यांना माणसांची नावं सांगतो. अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होता, त्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, १९९३ मध्ये पुन्हा. शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील कलकत्त्याच्या रॉयल कलकत्ता मैदानावर गवताची निगा राखायचे. ते मैदान १८२९ सालच्या क्लबचं. चौरसिया तिथेच वाढला, कोणाचा शिकवणीवर्ग लावला नाही, बघून बघून शिकला. २००८ साली त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन, आणि २०१६ मध्येच रिओ ऑलिम्पिकला भारताकडून उतरला. बंगळूरचा मुनियप्पा कॅडीच, २००९ ची इंडियन ओपन त्याची. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकला खेळला.

ही नावं मी खरोखर मनापासून घेतो, पण विचारणाऱ्याच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नाही, हेही मला ठाऊक आहे. चौरसियाला दाराबाहेर हिरवळ होती. माझ्या पोरांना सहा आठवड्यांची बांधी आहे. खरं उत्तर एवढंच की मला हे येतं, आणि ज्याला जे नीट येतं ते त्याने पुढे द्यावं असं मला वाटतं.

तिथेच हमालांकडे बघत बसतो. कट्टा ट्रकवर टाकताना त्यांच्या कंबरा आधी वळतात, हात मागून येतात, फटक्यात हवं तसंच. एकदा एका पोराला मुद्दाम दाखवायला आणलं होतं.

दीड वाजता जेवण. भात, वरण, लाखोळीच्या पाल्याची भाजी, मिरचीचा ठेचा. थोडा वेळ आडवा होतो.

२ ते साडेतीन काठ्यांची दुरुस्ती, ओसरीत. मोठ्यांची आयर्न लहान पोराला देताना लोक दांडा कापून मोकळे होतात. त्याने दोन गोष्टी बिघडतात. दांडा आखूड झाला की जास्त ताठ होतो, आणि टोकाचं वजन हाताला हलकं लागायला लागतं, म्हणून पोरगं काठी नुसती हातांनी फिरवतं. मी शक्य तिथे बायकांसाठी बनवलेल्या हलक्या दांड्याच्या काठ्या घेतो, कमीत कमी कापतो आणि डोक्याच्या मागे शिशाची पट्टी चिकटवतो. आज एका काठीची ग्रिप बदलली. जुनी पात्याने चिरून काढली, दांड्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळली, आत थोडं थिनर ओतलं आणि ओलं असतानाच नवी ग्रिप एका दमात वर सारली. थांबलात की ती मध्येच अडकते.

तळही तपासतो. चेंडूमागे काठी ठेवल्यावर तिचं पुढचं टोक वर उचललेलं दिसलं, तर ती काठी त्या पोराला उभी पडते आणि चेंडू डावीकडे ओढते. पोरगं बिचारं स्वतःचा दोष समजून उभं राहणं बदलत बसतं. दोष माणसाचा की काठीचा, हे आधी ओसरीत ठरवावं, मैदानात नाही.

४ वाजता मुलगी एकटीच येते. मुलगे क्रिकेटला जातात.

आज मी तिला चेंडू मारायला सांगितलं नाही. आधी नुसतं उभं राहा म्हणालो, आणि मागे जाऊन बघितलं. पाय रुळाला समांतर होते, पण खांदे डावीकडे उघडलेले. का, ते शोधायला खाली बसलो. चेंडू तिने डाव्या टाचेसमोर ठेवला होता. चेंडू एवढा पुढे असला की उजवा हात तिथवर पोचवायला उजवा खांदा पुढे यावाच लागतो, आणि खांदे उघडतात. उघडे खांदे असताना काठी बाहेरून आतच येणार. शिवाय चेंडू उजवीकडे जातो म्हणून ती नकळत आणखी डावीकडे रोख धरत होती, त्यामुळे वाट आणखी कापली जात होती, आणि चेंडू आणखी उजवीकडे. विळ्याच्या सवयीला हिने स्वतःच वाट करून दिली होती, आणि मला ते दोन आठवडे दिसलं नव्हतं. मी तिच्या हातांकडे बघत राहिलो होतो.

चेंडू दोन बोटं मागे घेतला. खांदे रुळावर आणले. डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवला, वरून बघितल्यावर मुठीच्या दोन गाठी दिसतील एवढा, म्हणजे फेस उघडा राहणार नाही.

मग घमेलं आणलं. त्यात धानाचा कोंडा भरला. दोन्ही हातांनी घमेलं धर, कंबर उजवीकडे वळव आणि कोंडा डावीकडे, त्या पळसाच्या थोडा उजवीकडे फेक, असं सांगितलं. खळ्यावर ती हे कैक वेळा करते. पहिल्याच फेकीला अंग आपसूक वळलं: डावा पाय रुतला, कंबर आधी गेली, हात मागून आतल्या बाजूने आले. विळ्याचा हात ओढतो. घमेल्याचा हात फेकतो. हा दुसरा हातही तिच्याकडे होताच. आम्ही त्याला या खेळात कधी बोलावलं नव्हतं.

दहा फेकी घमेल्याने, मग दहा फटके आयर्नने, फक्त अर्ध्या उंचीचे. चेंडूच्या मागे हातभर अंतरावर, बाहेरच्या बाजूला तणशीची पेंढी ठेवली. काठी बाहेरून आली तर पेंढी उडते, लागत मात्र नाही. पहिले चार फटके पेंढीवर. पाचवा नाही. दहात तीन चेंडू सरळ गेले, एक तर डावीकडे किंचित वळत. तिने तो वळताना पाहिला आणि काठी हातातच धरून पडेपर्यंत उभी राहिली. पुढच्या दहात चार. मग थकली आणि विळा परत आला. मी तिथेच थांबवलं. थकल्या अंगाने मारलेला फटका जुनीच सवय पक्की करतो.

साडेपाचला सूर्य पुंजण्यांच्या मागे गेला. चेंडू मोजले, दोन कमी. एक लाखोळीत सापडला.

साडेसहाला मी ओसरीत वही काढून बसलो. तिच्यात मी कोणी किती लांब मारलं ते लिहीत नाही. ओरखडा रेघेच्या मागे की पुढे, आणि त्याचं तोंड कुठे, एवढंच. तिच्या नावापुढे गेल्या तेरा दिवसांत सगळीकडे 'डावीकडे' लिहिलेलं होतं. आज पहिल्यांदा 'सरळ', सात वेळा.

तेवढ्यात तिची आई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन दारात थांबली. कमरेला विळा.

"भाऊ, उद्या आमचा चुरणा आहे जी. मशीन येते सकाळीच. पोरगी नाही येणार."

"बरं जी, वहिनी. परवा पाठवा."

ती वळली, तेव्हा मला आठवलं. मागून हाक मारली. "वहिनी, कोंडा कोण उचलते उद्या?"

"तेच पोरगी. दुसरं कोण?"

"मग तिला सांगा, उजवीकडून डावीकडे फेक म्हणून. आणि मोजून ठेव म्हणा."